ऑरिन टेटचं नाव

बारा वाजता स्मारकावरचं कापड उतरायचं, आणि सकाळी ते उचलून पाहिलं तेव्हा कळलं की दगडावर कोरलेल्या, यादवी युद्धात लढलेल्या काउंटीच्या शिपायांच्या नावांतलं एक कुणीतरी छिन्नीनं तासून टाकलंय. तेही ऑरिन टेटचं, लढाईत दोन्ही डोळे गमावलेल्या ऑरिनचं!

"डेल्फियाचंच काम!" कॅप्टन ब्रॅडफिश गुप्तहेर टॉलिव्हरसमोर गरजले. "तिचा भाऊ अ‍ॅन्सेल रणातून पळाला म्हणून आम्ही त्याला गोळ्या घातल्या. त्याचं नाव मी दगडावर येऊ दिलं नाही. आता ही सडेल तुरुंगात."

"मला खोडायचं असतं तर मेल्या, तुझं खोडलं असतं," डेल्फिया गजाआडून कडाडली. "सगळ्यात वर तर आहे!"

टॉलिव्हर सोबत्याला, रूफसला, घेऊन कापडाखाली शिरला. तेल पाजलेली जाड ताडपत्री. आत मिट्ट काळोख. टॉलिव्हरनं बोटांनीच अक्षरं चाचपली.

"काडी ओढू?" रूफसनं विचारलं.

"ओढ, आणि दोघंही भाजून निघू."

बाहेर आल्यावर पहारेकरी म्हणाला, "दगड झाकूनच आला साहेब, आज सकाळपर्यंत कापड कुणी उचललेलं नाही. काल दुपारी बँडचा सराव होता, ढोलांनी कान किटले. इथे फक्त ऑरिनकाका, रोजच्यासारखे पायरीवर."

ऑरिन अजून तिथेच बसला होता. "पोरीला सोडा हो. आधीच तिच्या भावाचं नाव नाही. मी सगळा दगड चाचपला."

टॉलिव्हरनं कॅप्टनला आणि डेल्फियाला तिथेच आणवलं.

"आत दिवा नेता येत नाही. तरी शेजारच्या अक्षरांना ओरखडा नाही. उजेड ज्याला लागतच नाही, त्याचं हे काम. झाकलेला दगड तुम्ही चाचपलात कधी, ऑरिनकाका?"

"स्वतःचंच नाव?" रूफस चक्रावला.

"हो, स्वतःचंच. ढोलांच्या आवाजात," ऑरिन म्हणाला. "अ‍ॅन्सेल पळाला नव्हता. मला पाठीवर घेऊन मागे आणत होता. मी शुद्धीवर आलो तोवर यांनी त्याला पुरलं होतं. वीस वर्षं सांगतोय, ऐकतंय कोण! तो नाही, तर मीही नको."

डेल्फिया रडत म्हणाली, "कॅप्टन, जागा रिकामी झालीय. माझ्या भावाचं नाव घाला."

कॅप्टननं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बाईला सोडा. पाथरवटाला बोलवा, ऑरिनचं नाव परत कोरा. या वेळी खोल."

रूफसनं आशेनं टॉलिव्हरकडे पाहिलं. टॉलिव्हरनं मान खाली घातली.

बाराला कापड पडलं. कॅप्टननं ऑरिनचा हात धरून त्याला उभं केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.