अहो ब्रदर

"अहो ब्रदर, जखम धुऊन झाल्यावर स्वॅब घेतलात ना? खरं सांगा!"

आमची ओळख झाली ती अशी. फोनवर, आणि थेट आरोपानं.

"आधी घेतला," पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला. "जंतुनाशक लावायच्या आधी. आपण कोण?"

"मी लॅबमधून बोलतेय. खालून."

"खालून म्हणजे... तळघरातून?"

"तळमजल्यावरून!" मी म्हणाले आणि फोन आपटला.

हॉस्पिटलात नर्स बाई असली की सिस्टर आणि पुरुष असला की ब्रदर. दिवसभर सगळे तेच म्हणतात आणि त्यात कुणालाही काही गंमत वाटत नाही. तोपर्यंत मलाही वाटली नव्हती.

माझं काम कल्चरचं. स्वॅबच्या कापसावर टिपलेला जखमेतला पू, लघवी, मणक्यातलं पाणी, वॉर्डातून जे काही येईल ते लालसर थराच्या गोल प्लेटवर पसरायचं, प्लेट उबेच्या कपाटात ठेवायची आणि दोन दिवस वाट बघायची. जंतू असतील तर ठिपक्या-ठिपक्यांनी उगवतात. मग तो कोणता, कुठल्या औषधानं मरेल, ते आम्ही डॉक्टरांना सांगतो. माझी प्लेट कधी खोटं बोलत नाही, असं मी येता-जाता सगळ्यांना ऐकवत असते. आई म्हणते, मी नाकावर माशी बसू देत नाही. ती उगाच नाही म्हणत.

त्या दिवशी मात्र गंमतच झाली होती. तिसऱ्या मजल्यावरून आलेला पू मी काचपट्टीवर घेऊन, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, तेव्हा बारीक गुलाबी काड्यांची नुसती झुंबड होती. आणि दोन दिवसांनी प्लेट उघडली तर... शुकशुकाट! एक ठिपका शपथेला नाही. म्हणजे उघडच होतं. ब्रदरनं आधी जखम जंतुनाशकानं धुतली असणार आणि मग मेलेले जंतू माझ्याकडे पाठवून दिले असणार.

सोबतच्या फॉर्मवर 'आणखी माहिती' या रकान्यात याच माणसानं लिहिलं होतं, 'खूप वास येतो.' ते वाचून मी तेव्हाच तोंड वाकडं केलं होतं. जखमेला काय अत्तराचा वास येणार होता?

दहा मिनिटांत आमच्या खिडकीशी एक उंच माणूस येऊन उभा राहिला. बाह्या दुमडलेल्या, खिशावर शाईचा डाग, आणि सारखे हात धुऊन धुऊन कोरडी झालेली बोटं.

"फोन आपटायची पद्धत फक्त तुमची, की सगळ्या लॅबची?"

"...फक्त माझी," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला. मग गंभीर झाला. "त्या मावशी शिवणकाम करतात, मॅडम. भांडणाऱ्या मांजरांना सोडवायला गेल्या आणि बोटाला दात लागला. दोन औषधं देऊन झाली, सूज हलत नाही. सर्जन सर म्हणालेत, शुक्रवारपर्यंत नेमकं काय आहे ते कळलं नाही तर बोट कापावं लागेल. उजव्या हाताचं, पहिलं. कात्री त्याच बोटानं चालवतात त्या."

मंगळवार होता. मी प्लेटकडे पाहिलं. प्लेट कोरी ती कोरीच.

"उद्या सकाळी परत सॅम्पल घ्या," मी म्हणाले. "पण मी समोर उभी राहणार."

"पहारा?"

"पहारा!"

दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती. तीन मजले चढून मी धापा टाकत वॉर्डात पोहोचले, तर पलंगावर बसलेल्या मावशींनी मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"हीच का रे ती भांडकुदळ?"

"मावशी!" ब्रदरचे कान लाल झाले. माझेही झाले असावेत.

त्यानं पट्टी सोडायला घेतली. किती हळू! एकेक पदर ओला करत, फुंकर घालावी तसं बोलत... "झालं हं मावशी, हा शेवटचा." आणि शेवटचा पदर निघाला आणि तो वास माझ्या नाकात शिरला. नुसता पुवाचा नव्हे. कुबट, सडका, बंद डब्यात काहीतरी आठवडाभर विसरून गेल्यासारखा.

"अगं बाई!" मी म्हणाले.

मला एकदम सगळं उमगलं. काही जंतूंना हवा सोसत नाही. खोल, मिटलेल्या जखमेत ते मजेत असतात आणि उघड्यावर आले की मरतात. त्यांची ओळख आधी नाकाला पटते. पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट ही! या माणसानं फॉर्मवर ती स्वच्छ अक्षरात लिहूनही दिली होती. आणि मी काय केलं? प्लेट नेहमीच्या कपाटात, मोकळ्या हवेत ठेवून दिली. वर त्यालाच फोनवर झापलं.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण मावशी ते सुजलेलं बोट उशीवर ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"ब्रदर... चूक माझी आहे," मी म्हणाले. "तुमचा स्वॅब बरोबर होता. तुम्ही वास लिहिला होतात. मी लक्ष दिलं नाही."

आता हा टोमणा मारणार, असं वाटलं. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि विचारलं, "मग आता कसं घेऊ? ते सांगा."

त्या क्षणी मला तो आवडला. खोटं कशाला बोलू?

"सिरिंजनं पू ओढा. आतली हवा काढून टाका. टोपण घट्ट लावा... आणि पळा!"

तीन मजले आम्ही दोघं पळत उतरलो. लॅबमध्ये मी पू दोन प्लेटवर पसरला, एक ताडून बघायला नेहमीसारखी हवेत ठेवली, दुसरी जाड बरणीत ठेवली, शेजारी एक पुडी ठेवली, झाकण आवळलं आणि बरणी उबेच्या कपाटात सरकवली. तो काउंटरवर कोपरं टेकून लहान मुलासारखा बघत होता.

"पुडीत काय?"

"बरणीतल्या हवेतला प्राणवायू शोषून घेणारी पूड."

"आणि उघडायची कधी?"

"शुक्रवारी सकाळी. पुरे अठ्ठेचाळीस तास."

"मध्येच जरासं डोकावलं तर?"

"तर वाट लागली. आत हवा गेली की ते उगवायचेच नाहीत."

"म्हणजे काही गोष्टी चारचौघांत वाढतच नाहीत म्हणा की..." तो म्हणाला. बरणीकडे बघत म्हणाला, असं मी स्वतःला समजावलं.

मी आमच्या मोठ्या मॅडमना सगळं खरं सांगितलं, बोलणीही खाल्ली. त्यांनी सर्जनना फोन केला. वास आणि काचपट्टी, एवढ्या अंदाजावर सर्जननी नवं औषध सुरू केलं. पण शुक्रवार काही पुढे ढकलला नाही. अंदाज खरा की खोटा, ते बरणीच सांगणार होती.

गुरुवारी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दर तासाला कपाटाकडे जायचं, बरणीवर हात ठेवायचा, परत यायचं. आणि दर दोन तासांनी खिडकीशी ब्रदर! हातात कधी लघवीची बाटली, कधी थुंकीची डबी. ही सॅम्पल आणायला वॉर्डात वेगळा माणूस असतो, हे मला ठाऊक होतं. मला ठाऊक आहे, हे त्यालाही ठाऊक होतं.

"काही दिसतंय का?"

"झाकण बंद आहे ब्रदर. काय दिसणार?"

"तुम्हाला तर काहीतरी दिसत असेल..."

"मला लघवीची बाटली दिसतेय. लेबल तिरकं लावलंय."

संध्याकाळी घरी जेवताना आई म्हणाली, "काय गं, तासभर झाला, ब्रदर असं म्हणाला, ब्रदर तसं म्हणाला. तुला घरात एक सख्खा भाऊ आहे. त्याचं नाव महिन्यातून एकदा तरी घेतेस का?"

भाऊ ताटात बघून फिदीफिदी हसत होता. मी पाणी प्यायला उठले.

शुक्रवारी नऊ वाजता मी झाकण सैल केलं. आधी तो वास आला. मग मी प्लेट बाहेर काढली, उजेडात तिरकी धरली... आणि होते! बारीक, करडे, ओलसर ठिपके. हवेत ठेवलेली जोडीची प्लेट कोरी, आणि ही भरलेली. मी मॅडमना दाखवली, काचपट्टी करून पाहिली आणि फोन उचलला.

"अहो ब्रदर! उगवले!"

"उगवले?"

"उगवले, उगवले! अंदाज बरोबर होता. सरांना सांगा, औषध हेच ठेवा!"

पलीकडे तो वॉर्डभर ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला. नवं औषध लागू पडलंच होतं, सूज उतरायला लागली होती. सर्जननी जखम नीट साफ केली. बोट राहिलं.

पुढच्या आठवड्यात मावशी घरी निघाल्या तेव्हा मुद्दाम माझ्या खिडकीशी आल्या. बोट वाकवून दाखवलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरी, मी माणसाचं माप नुसत्या नजरेनं घेते. हा तुला बरोबर बसतोय. कुठे उसवायला नको की दाबायला नको."

मनात एकच आलं, मावशी गेल्या. आता तो खाली कशाला येईल?

पण आला. दुपारी, आणि हात रिकामे.

"सॅम्पल?" मी विचारलं.

"नाही."

"मग?"

"एक विनंती होती." तो खिडकीच्या कडेवर बोट फिरवत राहिला. "मला ब्रदर म्हणू नका."

"सगळं हॉस्पिटल म्हणतं."

"सगळ्या हॉस्पिटलनं म्हणावं. तुम्ही... नको."

माझ्या हातात प्लेटचा गठ्ठा होता. मी उगाच वरच्या प्लेटचं लेबल वाचत राहिले. मग "ठीक आहे, चुकलं असेल तर सोडून द्या," असं म्हणून तो वळला आणि निघून गेला.

मी गठ्ठा खाली ठेवला. स्वच्छ अक्षरात लिहून दिलेलं मी पुन्हा एकदा वाचलं नव्हतं! तो वर पोहोचेल एवढा वेळ मी कसाबसा काढला आणि फोन फिरवला. त्यानंच उचलला.

"अहो..." मी म्हणाले.

"बोला मॅडम."

"अहो..."

"हां. पुढे?"

"पुढे काही नाही," मी म्हणाले. "यापुढे तेवढंच."

पलीकडे स्टीलचं काहीतरी खणकन जमिनीवर पडलं, कुठली तरी सिस्टर ओरडली, आणि जिन्यावरून धडधडत उतरणारी पावलं मला लॅबमध्ये ऐकू यायला लागली. लिफ्ट त्या दिवशी चालू होती.