थबका

शनिवारी सकाळी साडेसहाला भरतेश मगदूम आपल्याच इमारतीचा जिना सातव्यांदा चढत होते. तिसऱ्या मजल्यावर पोचले की ते भिंतीला टेकून उभे राहत, मनगटावरचे नाडी मोजणारे कडे नीट करत आणि फोनवरचे 'ओळख पटवा' हे बटण दाबत. फोन थोडा वेळ विचार केल्यासारखा गप्प राही आणि मग दर वेळी तेच लिही : 'नाडी एकशे अठरा. हा श्रम आहे. खातेदाराची खूण आढळली नाही.'

दुसऱ्या मजल्यावरच्या खाडेबाई दुधाची पिशवी घ्यायला दारात आल्या होत्या.

"भावजी, शर्यत लावलीय काय कुणाशी?"

"स्वतःशीच," मगदूम धापा टाकत म्हणाले.

"मग काय, जिंकणार तुम्हीच की."

मगदुमांना हसू आले नाही. दोन महिने ते या शर्यतीत रोज हरत होते.

'हुकुमपान' नावाच्या कंपनीत त्यांचे एक खाते होते. घरबसल्या पत्ते, चक्री, फासे, सगळे पैसे लावून खेळायचे. चेहरा, आवाज, बोटांचे ठसे यांची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रे गल्लोगल्ली झाली, तेव्हा अशा कंपन्यांनी ओळख पटवण्याची एक नवी रीत काढली. पान उलटण्याच्या आधीच्या क्षणी माणसाचे काळीज किंचित थांबते. निकाल अजून कळलेला नसतो आणि काही तरी पणाला लागलेले असते, तेवढ्यापुरते. मग ते चुकलेले ठोके घाईने भरून काढते. प्रत्येकाची थांबण्याची आणि सावरण्याची तऱ्हा निराळी, जशी सही निराळी. या थांबण्याला लोक 'थबका' म्हणू लागले. श्रमाने, भीतीने किंवा रागाने तो येत नाही. आशा असेल तरच येतो. म्हणून चोराला तो चोरता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते.

मगदूम मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात तेहतीस वर्षे हृदयालेख काढत होते. लोकांच्या छातीवर तारा लावायच्या आणि ठोक्यांची कागदी पट्टी डॉक्टरांच्या हाती द्यायची, हा त्यांचा धंदा. खाते उघडले तेव्हा पडताळणीत कधी अडचण नको, म्हणून त्यांनी एक शहाणपणा केला होता. दुपारी विभाग रिकामा असताना इस्पितळाच्या बारा तारांच्या यंत्रावर स्वतःला जोडून घेतले, फोनवर डाव लावले आणि आपल्या थबक्यांचे तासन्‌तासांचे स्वच्छ आलेख कंपनीला पाठवून दिले. बाकीचे खेळाडू मनगटावरच्या कड्यावर भागवत. मगदुमांनी आपले अख्खे काळीज पाठवले होते. 'आपले खाते आमच्याकडील सर्वांत सुरक्षित खात्यांपैकी एक आहे,' असे कंपनीचे पत्र आले, तेव्हा त्यांना केवढा अभिमान वाटला होता!

पुढे व्हायचे ते झाले. तीन वर्षांनी त्यांच्या पत्नीने, त्रिशलाबाईंनी, त्यांना हाताला धरून जिनमंदिरात नेले. चातुर्मासासाठी महाराज आले होते. मगदुमांनी त्यांच्यासमोर श्रीफळ ठेवले आणि नियम घेतला : द्यूत खेळणार नाही. सात व्यसनांतले ते पहिले. आणि खरोखरच खेळले नाहीत. चौदा महिने झाले. खाते बंद करायला मात्र आत शिरावे लागले असते आणि त्या दाराशी उभे राहायचीसुद्धा त्यांना भीती वाटत होती. न खेळलेले खाते वर्षभरात आपोआप मरेल, असे ते धरून चालले.

खाते मेले नाही. वर्ष भरायला पंधरा दिवस उरले असताना त्यातला 'राखणदार' जागा झाला. खाते निजू नये म्हणून खातेदाराच्या जुन्या नमुन्यांवरून घडवलेली ही सोय मगदुमांनीच कधी तरी चालू करून ठेवली होती. राखणदार रोज दुपारी एक डाव खेळे, कमीत कमी रकमेचा. पैसा फारसा जात नव्हता. पण साक्षीदार म्हणून नोंदवलेल्या त्रिशलाबाईंच्या फोनवर रोज निरोप जात होता : 'आपले पती आज खेळले. ओळख : पूर्ण पटली.'

त्यांनी असे पंधरा निरोप वाचले. सोळाव्या दिवशी त्या जयसिंगपूरला भावाकडे निघून गेल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "खातं बंद झाल्याचा निरोप आला तर येईन. तुमच्या तोंडचं काही नको आता." उद्या, रविवारी बारा वाजता, भाऊ टेम्पो घेऊन त्यांचे शिलाई मशीन आणि कपाट न्यायला येणार होता. एकदा ते गेले की मागे यायला काही कारणच उरणार नव्हते.

दहा वाजता मगदूम स्टँडजवळच्या हुकुमपानच्या मदत केंद्रात जाऊन बसले. काचेपलीकडे अन्वी कोळेकर नावाची मुलगी होती. दोन महिन्यांत ती त्यांना नावाने ओळखू लागली होती.

"काका, परत आलात? जुळलं नाही ना?"

"जिना चढून पाहिला. काल थंड पाण्यात बसलो. परवा मुद्दाम भांडण काढलं एका रिक्षावाल्याशी."

"कशाला बिचाऱ्याला? यंत्राला राग चालत नाही."

"तुम्ही बंद करा ना. माझं आधार कार्ड आहे, पेन्शनचं पुस्तक आहे. समोर मी आहे."

अन्वीने पडदा त्यांच्याकडे वळवला. "खातेदाराशिवाय कुणालाच बंद करता येत नाही. उद्या तुमचा चेहरा लावून कुणी आलं तर? आणि हे बघा, यंत्राच्या लेखी खातेदार काल तीन वाजता खेळलाय. ओळख पूर्ण पटली."

"तो मी नाही."

"त्याचा थबका तुमचा आहे, काका. तुमच्याकडे तो नाही."

मगदूम बराच वेळ त्या आलेखाकडे पाहत राहिले. तेहतीस वर्षांची सवय. डोळ्यांनीच चौकोन मोजले. चार-चार चौकोनांवर शांत ठोके, मग एकदम सहा चौकोनांची पोकळी, तिच्यामागे दोन घाईचे ठोके आणि एक लांबलेला. हे आपले काळीज. आणखी कुणाचे असूच शकत नाही.

"जिंकतो तरी का तो?" त्यांनी विचारले.

"नाही हो. तुमच्यासारखाच खेळतो."

ती आवाज खाली करून पुढे म्हणाली, "नियमाचं सांगून झालं, आता माझ्या मनाचं सांगते. बंद करायलाच चाळीस सेकंद सलग खूण लागते. नुसतं उघडायला एक थबका पुरतो. सरावाच्या डावावर तुमची नाडी हलत नाही, कारण तिथं काही जायचं नसतं. पैसे लावून चार डाव खेळा. येईल आपोआप."

"मी नियम घेतलाय, बाई."

"मग देवच आहे." ती ओशाळली. "म्हणजे, काही तरी दुसरं लावा पणाला. मला काय कळतंय त्यातलं."

घरी येऊन मगदुमांनी फोन टेबलावर ठेवला. पैसे लावायची खिडकी एका बोटाच्या अंतरावर होती. लावले, की राखणदाराने आजवर पाठवलेले खोटे निरोप खरे होणार. आणि समजा, खूण जुळली. ज्या क्षणी यंत्र 'हाच तो' म्हणेल, त्या क्षणी आत शिरलेल्या माणसाला खाते बंद करावेसे वाटेल का? ज्याला बंद करायचे होते त्याला यंत्र ओळखत नव्हते, आणि ज्याला ओळखत होते तो बंद करणार नव्हता. चौदा महिने आपण शुद्ध आहोत असे ते समजत होते. आता वाटू लागले, की आपण शुद्ध वगैरे काही नाही. आशा धरायची ताकदच गेलेला एक म्हातारा आहोत, बस. त्रिशला म्हणते ते कदाचित खरे असेल. खरा भरतेश रोज तीन वाजता तिकडे खेळतो आहे आणि इथे उरली आहे ती त्याची नक्कल.

त्यांनी फोन पालथा घातला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रविवारी सकाळी ते त्रिशलाबाईंचे कपाट रिकामे करायला बसले. निदान तेवढे तरी आपल्या हाताने करावे. खालच्या खणात त्यांची स्वतःचीच जुनी पत्र्याची पेटी निघाली. शिकाऊ दिवसांतल्या पट्ट्या होत्या तिच्यात. तो कागद वर्षा-दोन वर्षांत पांढरा पडतो, म्हणून एका पट्टीची त्यांनी तेव्हा झेरॉक्स काढून ठेवली होती. का ठेवली, ते आठवत नव्हते. उजेडात धरली आणि डोळे आपसूक चौकोन मोजू लागले. चार, चार, चार. मग सहा. दोन घाईचे, एक लांबलेला.

मागच्या बाजूला त्यांच्याच अक्षरात लिहिले होते : 'सोबतच्या शिकाऊ जोशींनी सरावासाठी काढला. मध्येच विभागातला फोन वाजला.'

मग सगळे आठवले. त्या दिवशी जयसिंगपूरहून त्रिशलाच्या स्थळाचा होकार की नकार ते कळणार होते. मुलीचे वडील इस्पितळातल्या फोनवरच कळवतो म्हणाले होते. मगदूम टेबलावर आडवे, छातीला तारा, उठता येत नव्हते आणि फोन वाजत होता. पत्त्याचे पान उलटायच्या कितीतरी वर्षे आधी त्यांचे काळीज असे थांबले होते. हुकुमपानने ते फक्त उचलून नेले होते.

दहा वाजून वीस मिनिटे झाली होती. मगदुमांनी मनगटावर कडे चढवले, 'खाते बंद करा' दाबले, आणि घरातल्या जुन्या फोनवरून त्रिशलाबाईंना फोन लावला. दोन महिन्यांत त्यांनी एकदाही उचलला नव्हता.

घंटा वाजली. पहिल्या घंटेला काही नाही. दुसऱ्या घंटेला छातीत ओळखीची पोकळी पडली.

'खूण आढळली. एक... दोन... तीन...'

पडद्यावर हिरवी रेघ सरकू लागली. अकरा. बारा. उचलू नकोस, अजून उचलू नकोस, असे मनात येताच रेघ अडखळली. यंत्राला ती आशा चालत नव्हती. तिने उचलावे असे मनापासून वाटले पाहिजे, आणि तिने उचलता कामा नये. मगदुमांनी डोळे मिटले आणि वाटू दिले. चोवीस. एकतीस. चौतीस.

"हं," पलीकडून आवाज आला.

रेघ पुसली गेली.

दोन महिन्यांनी आलेला आवाज आणि नेमका सहा सेकंद आधी.

"आवाज का येत नाही? खेळताय काय?"

"नाही. त्रिशला, तो मी नव्हे. आधी ऐकून घे." मग त्यांनी सगळे सांगितले, इस्पितळातल्या बारा तारांपासून झेरॉक्सपर्यंत, तिच्या वडिलांच्या फोनपर्यंत. काही लपवले नाही. सांगताना स्वतःलाच ते एखाद्या जुगाऱ्याने रचलेल्या गोष्टीसारखे वाटत होते.

तिने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मशीन म्हणतं, तुम्हीच खेळता."

"मशीनला मी ओळखूच येत नाही गं."

"मला तरी कुठं येताय." मग तिने विचारले, "चौतीसपर्यंत गेलं होतं म्हणता?"

"हो."

"ठेवते मी. परत लावा."

"उचलणार नाहीस ना? चाळीस होईपर्यंत?"

"अहो, ते आधीच सांगितलं तर तुमचं यंत्र चालेल का?"

फोन बंद झाला.

मगदुमांनी पुन्हा नंबर लावला. आता पणाला काय लागले होते ते त्यांना स्वच्छ दिसत होते आणि हेही दिसत होते की असे पणाला लावणे म्हणजेच द्यूत. महाराजांनी विचारले असते तर काय उत्तर दिले असते? घंटा वाजली. छाती थांबली. एक. दोन. नऊ. सतरा. दर घंटेला त्यांना वाटे की ती आता उचलेल, आणि दर घंटेला ती उचलत नसे. अठ्ठावीस. पस्तीस. अडतीस.

'ओळख पूर्ण पटली. आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. साक्षीदारास कळवले आहे. आपला थबका, आजच्या नव्या नमुन्यासह, सात वर्षे आमच्याकडे सुरक्षित राहील.'

घंटा अजून वाजत होती. आता उचलायला हरकत नव्हती. ती वाजत राहिली आणि आपोआप थांबली. त्रिशलाबाईंनी फोन उचललाच नाही.

आपल्याला मदत करायची म्हणून तिने उचलला नव्हता की उचलायचाच नव्हता, हे सांगणारे यंत्र मगदुमांकडे नव्हते. पुन्हा फोन करायचा धीर झाला नाही. त्यांनी कडे काढले, झेरॉक्ससोबत पेटीत टाकले आणि शिलाई मशीनवरचे झाकण पुसत बसले. कुठल्या तरी थंड खोलीत त्यांचे काळीज कुलूपबंद होते. आजपासून तेही तिच्या फोनची घंटा ओळखत होते. सात वर्षे तिकडे ते कशाची वाट पाहणार होते?

बाराला पाच कमी असताना खाली टेम्पो थांबला. मगदूम खिडकीपाशी गेले नाहीत. जिन्यावर पावले वाजू लागली. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्यावर खाडेबाई कुणाशी तरी बोलल्या, शब्द कळले नाहीत. पावले पुन्हा वर येऊ लागली आणि छातीत ती पोकळी पडली. तिचे चौकोन आज कुणी मोजत नव्हते.

पावले एकाची होती, की दोघांची?