चौथ्या नाचातला कर्णा

पाववाल्या आलोइस क्रेनच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, ते साल १८४३. त्याच महिन्यात त्याची होणारी सून रोझाली खुनाच्या आरोपाखाली व्हिएन्नाच्या कोठडीत गेली.

तिचा बाप लिओपोल्ड झाउनम्युलर, वॉल्ट्झ रचणारा नावाजलेला बँडमास्तर. नाचाच्या एका रात्री तिसरा नाच संपताच तो पडद्यामागचा पेला प्यायला आणि चौथ्यात मंचावरच कोसळला. पेल्यात विष होतं. तिसरा नाच सुरू होताना पेला ठेवला होता रोझालीनं.

"पोरीला फासावर देतील रे," आलोइस म्हणाला. "कायेतान, तू पोलिसात होतास. काहीतरी कर."

"आधी डोळे पूस, पाववाल्या. पडताना मास्तर काय बोलले?" कायेतान प्रोहास्कानं विचारलं.

"'कर्णा कुठाय?' एवढंच. जीव चाललाय आणि याला कर्णा सुचतोय!"

पोलिसांनी हॉल होता तसा बंद ठेवला होता. जुन्या ओळखीवर कायेताननं तो उघडून घेतला. आत मेणाचा कुबट वास. आपल्याच पावलांच्या आवाजानं आलोइस दचकत होता. पडद्यालगत दोन खुर्च्यांवर दोन कर्णे पडले होते.

"जोडीचे ना हे? मग एकाची नळी लांब आणि दुसऱ्याची आखूड कशी?" आलोइसनं विचारलं.

कायेताननं दोन्ही नळ्या निरखून पाहिल्या.

वादकांना एकेक करून बोलावलं. मास्तरांच्या मागे बसणारा व्हायोलिनवाला डॉमिनिक म्हणाला, "मास्तरांचं तोंड नाचणाऱ्यांकडे. बाकीचे माझ्या गजाकडे बघून वाजवतात. मी उठलो असतो, तर नाचच थांबला असता."

कर्णेवाला क्राटकी हसत आला. "तिसऱ्या नाचात आम्हा दोघांना सुट्टी, साहेब. पुढं सूर बदलतो, म्हणून लांब नळी काढून आखूड बसवायची. मी बसवली आणि चौथा वाजवला, मास्तर पडेपर्यंत. जागेवरून हललो नाही. पेला ठेवणाऱ्या पोरीला विचारा की!"

आलोइसला आठवलं: हा माणूस त्या रात्री रोझालीला धीर देत होता.

कायेताननं सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं. दारात पोलीस.

"विष तिसऱ्या नाचात पडलं. तेव्हा हात मोकळे होते फक्त दोन कर्णेवाल्यांचे. एकानं नळी बदलली. क्राटकी, तुमच्या कर्ण्याला अजून लांबच नळी आहे. बदलायच्या वेळात तुम्ही पडद्यामागे होतात. चुकीच्या नळीत फुंकलं असतं, तर सगळ्या हॉलनं वळून बघितलं असतं. म्हणून कर्णा नुसता ओठाला लावून बसलात. नाचणाऱ्यांना पत्ता लागला नाही. मास्तरांना लागला. मरता मरता तेच विचारत होते."

क्राटकीचं हसू गळून पडलं.

"तो वॉल्ट्झ माझा होता," तो पुटपुटला. "छापला त्यानं स्वतःच्या नावानं. आणि मी मागं बसून फुंकायचं?"

त्याच संध्याकाळी रोझाली घरी आली.

लिओपोल्ड झाउनम्युलर २६ फेब्रुवारी १८४३ ला वारला. वेंझेल क्राटकी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फासावर गेला.