डिकीतले तीन ठोके

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काही घातलेलं नाही. माझ्या दाजींनी, म्हणजे मोठ्या बहिणीच्या नवऱ्याने, ताईला जे सांगितलं आणि ताईने मला जे सांगितलं, तेच लिहितोय.

वार मंगळवार. वेळ दुपारी तीनची. जागा, दाजी कामाला होते ते गाड्यांचं सर्व्हिस सेंटर.

हो, भर दुपारची गोष्ट आहे. म्हणूनच मला तिची जास्त भीती वाटते.

तिथे दाजींना सगळे 'कान' म्हणायचे. नव्या गाडीत कुठे खडखड, कुठे करकर व्हायला लागली की वॉरंटीत ती काढून द्यायचं काम दाजींचं. दाराच्या आतली सैल क्लिप, नंबरप्लेटचा ढिला स्क्रू, सीटखाली घरंगळलेली बाटली... दाजी डोळे मिटून ऐकायचे आणि नेमकं तिथे बोट ठेवायचे. फेल्टच्या मऊ कापडाची एक पट्टी चिकटवली की विषय संपला.

ती पांढरी गाडी मात्र महिन्याभरात तिसऱ्यांदा आली होती. मालक पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. अगदी मवाळ माणूस. मागून ठोके येतात, एवढीच तक्रार. तीन ठोके, मग शांत, मग पुन्हा तीन.

आधीच्या दोन्ही वेळा दाजींनी गाडी रस्त्यावर काढलीसुद्धा नव्हती. म्हाताऱ्याचेच कान वाजत असतील म्हणून हसले होते आणि कामाच्या कार्डावर सही ठोकून मोकळे झाले होते.

या वेळी गृहस्थ अडून बसले. म्हणाले, "चालत्या गाडीत आवाज येतो ते मी समजू शकतो हो. हा गाडी बंद केल्यावर येतो."

मॅनेजर वैतागला. शेवटी असं ठरलं की मॅनेजर गाडी चालवणार, मालक शेजारी बसणार आणि दाजी डिकीत आडवे होऊन ऐकणार. यात नवल काही नाही. मागचा आवाज सापडत नसला की त्या धंद्यात असंच करतात. दाजींनीही कैक वेळा केलं होतं.

दाजी टॉर्च घेऊन कुशीवर झाले.

झाकण बंद झालं.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही. टायरची घरघर. एक गतिरोधक. टाकीत हिंदकळणारं पेट्रोल.

मग सिग्नल लागला. मॅनेजरने इंजिन बंद केलं.

ठक... ठक... ठक.

आवाज दाजींच्या पाठीला लागून आला.

पाठीला लागून फक्त पत्रा होता. मध्ये बोट शिरेल एवढीही जागा नव्हती.

ते वळायला गेले आणि टॉर्च विझला. मला बाहेर काढा, असं ते ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. पण स्वतःचा आवाज त्यांना स्वतःलाच ऐकू आला नाही...

मग त्यांनी मुठीने झाकणावर ठोकलं. तीनदा.

पुढून मालकांचं बोलणं आलं. अगदी स्पष्ट. "ऐकलंत? हाच तो."

"येतोय खरा," मॅनेजर म्हणाला.

दाजी ठोकत राहिले. पुढे ते दोघं ठोके मोजत राहिले.

गाडी बाजूला घेतली गेली. झाकण उघडलं. दाजींच्या डोळ्यांवर लख्ख ऊन आलं. मॅनेजर वाकला. त्याचं तोंड हातभर अंतरावर होतं. दाजींनी त्याच्याकडे हात पसरला.

मॅनेजरने डिकीचा कोपरा न् कोपरा पाहिला.

"गेला कुठे हा?"

सिग्नलला उतरून चहाला गेला असणार, असं म्हणून त्याने एक शिवी हासडली.

आणि झाकण लावलं.

पुढचं सगळं दाजींना अंधारात ऐकू येत होतं. गाडी सर्व्हिस सेंटरला परतली. मॅनेजरने मालकांची समजूत घातली. गाडी नवी आहे, हजारभर किलोमीटर पळाली की आवाज आपोआप बसेल, तोवर जरा गाणी लावत जा. मालक बिचारे हो म्हणाले. निघाले. गाणी लावली.

दाजींच्या बोटांची सालटी निघाली तरी ते ठोकत होते.

तेव्हा अंधारात कोणीतरी त्यांचा हात धरला...

लहान हात होता. गार.

त्याने दाजींना ओरबाडलं नाही की ओढलं नाही. त्याने त्यांची मूठ उचलली आणि त्यांच्याबरोबर ठोकायला लागला. रोजच्या सवयीचं काम असल्यासारखा. तीन ठोके. थोडं थांबायचं. पुन्हा तीन.

दाजी रडले. मनातल्या मनात म्हणाले, झाकण उघडू दे, मी तुलाही घेऊन जातो.

त्या हाताने त्यांची बोटं घट्ट दाबली. त्याला ऐकू आल्यासारखं.

गाडी घरी पोचल्यावर मालकांच्या बायकोने डिकी उघडली. इस्त्रीचे कपडे ठेवायचे होते तिला. तिला मात्र दाजी दिसले. ती मटकन खालीच बसली.

दाजींनी एक पाय बाहेर टाकला.

हात सुटेना.

मनगटापर्यंत तो उजेडात होता. नखं झिजून पार गेली होती. मनगटामागे डिकीचा अंधार होता, बस्स.

दाजींनी त्याचं एकेक बोट सोडवलं. अंगठा. मग मधली तीन. करंगळी काही केल्या सुटत नव्हती. ती त्यांनी मागे वाकवली.

कट्कन आवाज झाला.

झाकण त्यांनी स्वतः आपटून लावलं. आतून ठोके सुरू झाले. आता ते तीनवर थांबत नव्हते.

बाई जमिनीवरूनच म्हणाली, "आत कोण आहे हो?"

दाजी म्हणाले, "कोणी नाही. नव्या गाडीत होतं असं."

ताईने त्यांना नंतर विचारलं, एवढं कबूल केलं होतंत तर त्याला ओढून बाहेर का नाही काढलंत?  दाजी म्हणाले, "ओढला असता आणि मनगटापुढे काहीच नसतं तर?"

दाजींनी आवाजाचं काम सोडलं. त्याच सेंटरला पार्ट्सच्या काउंटरवर बसायला लागले. मालकांनीही वर्षभरात गाडी विकली. वॉरंटी शिल्लक होती, म्हणून नवा मालक गाडी घेऊन तिथेच आला. मागून ठोके येतात म्हणाला.

डिकीत शिरायला दुसरा मेकॅनिक निघाला. दोन मुलींचा बाप. जाता जाता त्याने काउंटरवर थांबून विचारलं, "कान, ही गाडी तुम्ही बघितली होती ना? काय होतं?"

दाजी म्हणाले, आठवत नाही.

पुढे काय झालं ते दाजी सांगत नाहीत. ताईने दोनदा विचारलं. मी एकदा विचारलं. ते पानात बघून जेवत राहिले.

तो मेकॅनिक अजून तिथे कामाला आहे का, हे एका फोनवर कळेल. नंबर माझ्याकडे आहे.

अजून लावलेला नाही.