न नेलेला गाऊन

विश्वास ठेवायची सक्ती नाही. पण तो गाऊन मी या हातांनी चाचपलाय... ओला होता.

माझी मावसबहीण घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करते. उन्हाळ्यातली भर दुपार. मशीन बंद. पाळण्यातलं पोर रडून रडून बेजार, आणि हिच्या अंगावर दुधाचा थेंब नाही. डब्याचं दूध त्याला पचेना, प्यायलं की उलटून टाकायचं.

"मशीनला तेल घालतेस, तसं स्वतःच्या पोटातही काही घाल," सासूबाई ओरडायच्या.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी पोराचं वजन केलं. मान हलवली.

"असंच घटत गेलं तर हाती लागायचं नाही हो."

थांबा, गाऊनचं राहिलंच.

एका गिऱ्हाइकाने शिवायला टाकलेला. पाजायला सोयीचा, पुढून बटणांचा. "बाळ झालं की घालीन," म्हणाली होती. बाळंतपणात दोघंही गेली. गाऊन खुंटीवरच राहिला.

त्या दुपारी पाळण्यावर ऊन आलं. हिने खुंटीवरचा तोच गाऊन आडोशाला टांगला आणि पाणी प्यायला आत गेली.

पोर गप्प झालं.

एकदम.

मग आवाज... चुटूचुटू... चुटूचुटू...

ती धावत आली. पोर झोपलेलं. ओठांच्या कडेला दूध.

गाऊनची वरची बटणं उघडी... आणि छातीवर दोन ओले गोल.

पुढच्या वेळी वजनाचा काटा वर सरकला. "आलं की दूध!" नर्सबाई खूश. ही नुसती हसली. सांगणार काय, कपाळ?

मग एके दिवशी हिला खरंच पान्हा फुटला. हिने गाऊनची बटणं लावली, घडी घातली, पेटीत टाकून कुलूप लावलं. पोराला छातीशी धरलं.

त्याने तोंड फिरवलं.

पेटीकडे.

रडून रडून निळं पडलं. शेवटी कुलूप हिनेच काढलं.

मी गेले तेव्हा ही पाळण्याकडे पाठ करून मशीन चालवत होती. ब्लाऊज दुधाने भिजलेला. मागून... चुटूचुटू.

"अगं, बघ तरी मागे!"

"नको ताई. मी बघितलं की थांबतं ते. पोर उपाशी राहील."

मशीन धडधडत होतं. सुईत दोरा नव्हता.

मी वळले. आवाज थांबला. गाऊनला हात लावला... आणि तशीच निघून आले.

आजही कुणाचं रडतं पोर एकाएकी गप्प झालं, की मी आधी खुंटीकडे बघते.