भिजलेला बिबट्या

"दही शेजारून येणार, भात मामी करणार, पाच खडे मी धुऊन ठेवले. आता काय राहिलं?" आचलनं विचारलं.

"खाणारा," पियुष म्हणाला. "तो मी आहेच."

"सीतादहीचा नैवेद्य आधी वावराला दाखवतात, मग माणसांना देतात. तू दोन्हींत बसत नाहीस," ज्योत्स्ना म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत आचल अकोल्याहून हिवरखेडला आजोळी आली होती. ती आठवीत होती. मामाचा पियुष सातवीत आणि शेजारची ज्योत्स्ना तिच्याच वयाची. उद्यापासून आबाजींच्या वावरात कापूस वेचायला सुरुवात व्हायची होती. पहिल्या दिवशी वावरात पाच खडे मांडून पूजा करायची, दहीभात ठेवायचा आणि मगच पहिलं बोंड वेचायचं, ही तिकडची रीत. तिला सीतादही म्हणतात. दरवर्षी ती आजी, म्हणजे इंदूबाई, करायची. यंदा आजी नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर तिनं आपल्या हातानं सरकी लावली, झाडं गुडघ्याएवढी झालेली पाहिली, आणि पोळ्याच्या आधी ती गेली. म्हणून आचलनं मामीकडून मागूनच घेतलं होतं, यंदा सीतादही मी करणार.

आबाजी, म्हणजे नत्थुजी, ओसरीच्या कोपऱ्यात फाटकी पोती शिवत बसले होते. आजी गेल्यापासून ते कमी बोलत. हाताला मात्र सारखं काही ना काही काम लागायचं.

एवढ्यात जमुनाबाई आली. वेचायला येणाऱ्या बायांना ती गोळा करायची, तिच्या शब्दाशिवाय कोणी वावरात पाय ठेवत नसे. ती दारातच उभी राहिली.

"नत्थुभाऊ, उद्या आमी नाई येत."

"काहून वं जमुना?"

"बिबट्या आला ना शिवारात. हे पाहा."

तिनं फोन पुढं केला. तिघं पोरं धावली. अंधारी गल्ली, एक भिंत, भिंतीवर दिवा. त्या उजेडातून एक बिबट्या खाली मान घालून चालत आला, थांबला आणि भिंतीपलीकडं उडी मारून गेला. मागं भोंग्याचा आवाज लावला होता. खाली लाल अक्षरं होती: 'हिवरखेड शिवारात बिबट्या. काल रात्रीची दृश्ये. पाहत राहा गावगर्जना.'

गावगर्जना म्हणजे मनोजभाऊ. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून ते आपलं बातम्यांचं चॅनल चालवायचे. गावात पाण्याची टाकी गळली तरी भोंगा वाजायचा.

"तुमच्याच विहिरीपाशी पंजे बी सापडले. मनोजनं त्याचा बी व्हिडिओ टाकला," जमुनाबाई म्हणाली.

"मी तं रोज जाऊन राहिलो वावरात. मले नाई दिसला."

"तुमी बुढे माणूस, तुमाले खाऊन त्याचं काय पोट भरते?" हे बोलल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. आवाज खाली आला. "राग नका मानू, भाऊ. इंदूबाईच्या वावरात मी एक साल चुकली नाई. पण माही पोरगी म्हणते, माय तू गेली तं मी बी येतो मांगं. तिले कसं नेऊ?"

जमुनाबाई गेली. आबाजींच्या सुईत दोरा तसाच राहिला.

संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की आठवडा संपता संपता वऱ्हाडात पाऊस येईल. आबाजी उठून अंगणात गेले आणि बराच वेळ आभाळाकडं पाहत राहिले. ही खरं तर आजीची सवय. रेडिओ असो, टीव्ही असो की शेजारीण, कोणी काही सांगितलं की आजी म्हणायची, "आयकलं ना? आता पाहून ये." पोरांनी पाऊस येणार म्हटलं तरी तिचं तेच उत्तर ठरलेलं.

"आबाजी, खरंच येईल का पाऊस?" आचलनं विचारलं.

"हवा फिरली. येते." ते थांबले. "भिजला कापूस पिवळा पडते, मातीत जाते. घरच्या चौघांच्यानं एवढं वावर उरकत नाई. पैशाचं जाऊ दे. तुह्या आजीनं लावलेली पऱ्हाटी हाय. तिनं लावलं ते घरात आलं पायजे, बस."

आजी गेल्यानंतर आबाजी इतकं बोललेले आचलनं पहिल्यांदाच ऐकलं.

रात्रीच्या जेवणाआधी ती गृहपाठाची वही घेऊन बसली. निबंध होता, 'प्रसारमाध्यमे आणि आपले जीवन.' पहिलं वाक्य लिहून झालं होतं: 'आजचे युग हे माहितीचे युग आहे.' पुढं गाडी हलत नव्हती. तिनं वही मिटली आणि मामीचा फोन घेतला.

"किती वेळा पाहशील तो बिबट्या?" पियुष म्हणाला. "पाठ झाला मला. आता डावीकडं पाहतो, आता उडी."

"सगळे त्यालाच पाहतात," आचल म्हणाली आणि तिनं व्हिडिओ थांबवून बिबट्यावर आपला अंगठा ठेवला. "आता सांग, काय दिसतं?"

"तुझा अंगठा."

"बाकी काय?"

तिघांची डोकी फोनवर वाकली. भिंत. दिवा. दिव्याखाली तिरप्या बारीक रेघा. पत्र्याच्या कडेनं गळणारं काहीतरी. जमिनीवर चमकणारं डबकं.

"पाणी पडून राहिलं," ज्योत्स्ना हळूच म्हणाली.

"आणि आपल्याकडं?"

"दसऱ्यापासून थेंब नाही," पियुष म्हणाला. "मग हा भिजला कुठं?"

आचलनं मोर्शीच्या मावशीला फोन लावला. "मावशी, तुमच्याकडं बिबट्या आलाय का गं?"

"तुले कसं माहीत?" मावशी म्हणाली. "संत्र्याच्या बागेत जायला कोणी तयार नाही. व्हिडिओ आला ना, थांब, पाठवते."

व्हिडिओ आला. तीच भिंत, तेच डबकं, तीच उडी. फक्त खाली 'मोर्शी शिवार' लिहिलं होतं. ज्योत्स्नाची आतेबहीण चांदूर बाजारला राहायची. तिच्याकडंही हाच बिबट्या काल रात्रीच येऊन गेला होता.

"एका रात्रीत तीन गावं," पियुष म्हणाला. "एसटीचा पास काढला असेल त्यानं."

सकाळी तिघं जमुनाबाईकडं गेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कणीक मळता मळताच मान हलवली.

"पाणी-बिणी मले नाई समजत, बाई. पंजे तं इथलेच हायेत ना? विहीर बी नत्थुभाऊचीच दिसते."

ते मात्र खरं होतं.

आबाजी नेहमीप्रमाणे वावरात निघाले तशी पोरंही त्यांच्या मागं निघाली. ते नको म्हणाले, मग पोरांची तोंडं पाहून म्हणाले, "माह्या पुढं जायचं नाई. काठी पियुषच्या हाती नाई द्यायची, तो मलेच मारंल."

वावर पांढरं झालं होतं. बोंडं फुटून कापूस लोंबत होता आणि एक माणूस दिसत नव्हतं. तुरीच्या ओळीजवळून जाताना आत काहीतरी सळसळलं. सगळी जागच्या जागी थांबली. पुन्हा सळसळ झाली, या वेळी जवळ. पियुषनं आचलचा हात असा धरला की तिला कळ आली. आबाजींनी काठी उचलली. तुरीतून एक भलामोठा रोही, नीलगाईचा नर, धाडकन उडाला आणि पऱ्हाटी तुडवत पार नाल्याकडं पळाला.

"मी घाबरलो नव्हतो," पियुष म्हणाला.

"मग माझा हात सोड," आचल म्हणाली.

विहिरीपाशी मातीत ठसे होते. पाइप गळत असल्यानं तिथली माती ओली राहून मग वाळली होती, ठसे कोरल्यासारखे दिसत होते. ज्योत्स्नाचे बाबा सूर्यभान वनरक्षक होते आणि कामावर डोंगराकडं गेले होते. तिनं ठशाशेजारी नाणं ठेवून फोटो काढला, त्यांना पाठवला आणि फोन लावला.

"बोटांच्या पुढं टोकं उमटलीत का, पाहा," सूर्यभानकाका म्हणाले.

"हो बाबा, खिळ्यानं टोचल्यासारखी."

"ती नखं. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, मांजरासारखी. हा कुत्रा आहे. चांगला मोठा कुत्रा आहे. तरी एकट्यादुकट्यानं फिरू नका, जंगल जवळ आहे. उद्या मी स्वतः येऊन शिवार पाहतो."

आचल मात्र अजून वाकूनच होती. "ज्योत्स्ना, हे बघ. चार बोटं असायला हवीत ना? या एका पायाला तीनच आहेत. इथंही तीन. इथंही."

पियुष खाली बसला. मग तो हसायलाच लागला. हसता हसता त्याला बोलता येईना.

"रॉकी," तो शेवटी म्हणाला. "मनोजकाकांचा रॉकी. त्याचं बोट कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं."

सगळ्यांना आठवलं. काल सकाळी मनोजभाऊ जागा दाखवायला म्हणून इथंच उभे राहून बोलले होते, तेही गावगर्जनावर दिसलं होतं. बिबट्याची भीती म्हणून रॉकीला सोबत आणलं होतं. आणि दुपारी पुन्हा येऊन त्यांनी त्याच्याच पंजांचा व्हिडिओ काढला होता.

"चला, सांगू सगळ्यांना," ज्योत्स्ना म्हणाली.

"कोणी ऐकणार नाही," आचल म्हणाली. "आपण तोंडानं सांगणार आणि त्यांनी फोनवर पाहिलंय. जिथं पाहिलं तिथंच दाखवायला पाहिजे."

आबाजी पाइपची गळती पाहत होते. मान वर न करता ते म्हणाले, "माती ओली पायजे असंल तं मोटर लावून देतो."

दुपारी आचल मनोजभाऊंच्या दुकानात गेली. "काका, आबाजींच्या विहिरीवर ठसे आहेत ना, ते कुणाचे ते कळलंय. तुम्ही लाइव्ह दाखवा. अकोल्यातले लोकही पाहतील."

'अकोला' ऐकल्यावर मनोजभाऊंनी हातातला फोन खाली ठेवला आणि शर्टाची बटणं नीट लावली. "रॉकीले घेतो सोबत. जनावराचा नेम नाई."

"घ्याच," आचल म्हणाली.

विहिरीजवळ पियुषनं ठशांच्या शेजारचा पट्टा ओला करून फळीनं सारवल्यासारखा गुळगुळीत केला होता. मनोजभाऊंनी काठीला फोन लावला, घसा साफ केला आणि भारदस्त आवाजात सुरुवात केली. पाहणाऱ्यांचा आकडा वाढू लागला. "आणि आता आपल्यासोबत आहे अकोल्याची विद्यार्थिनी आचल. सांग, किती मोठा बिबट्या असेल?"

"काका, कॅमेरा खाली घ्या. या पायाची बोटं मोजा."

मनोजभाऊंनी मोजली. "एक, दोन, तीन." ते थांबले. "तीनच?"

ज्योत्स्नानं हातातला भाकरीचा तुकडा सारवलेल्या पट्ट्यापलीकडं टाकला. रॉकी लंगडत, शेपूट हलवत ओल्या मातीतून चालत गेला आणि भाकर खाऊ लागला. त्याच्या मागं ताजे ठसे उमटले. नखांसकट. एका पायाला तीन बोटं.

"बिबट्या सापडला," पियुष कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाला. "भाकर खातो."

मनोजभाऊंचा हात फोन बंद करायला पुढं झाला.

"काका, बंद केलं तर लोक म्हणतील लपवलं," आचल हळू म्हणाली. "तो व्हिडिओ तुम्हाला कुणी पाठवला होता?"

"ग्रुपवर आला होता. 'आपल्या भागातला' असं लिहिलं होतं."

"मोर्शीलाही 'आपल्या भागातला' म्हणूनच गेला." ती कॅमेऱ्याकडं वळली. "तुमच्या फोनवर तो व्हिडिओ असेल तर बिबट्यावर अंगठा ठेवा आणि बाकीचं पाहा. तिथं पाऊस पडतो आहे. आपल्याकडं कालच काय, दसऱ्यापासून पडलेला नाही. तो बिबट्या खरा आहे, पण कुठला आणि कधीचा ते कुणालाच माहीत नाही. इथं कापूस तसाच उभा आहे."

मग मनोजभाऊंनी फोन स्वतःकडं फिरवला. या वेळी आवाज भारदस्त नव्हता.

"माहं चुकलं. मी न पाहता टाकलं. हा माहाच कुत्रा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सूर्यभानकाका आले. आबाजींना घेऊन त्यांनी सगळं शिवार पायाखाली घातलं, कुठंच बिबट्याची खूण नाही असं सांगितलं आणि बायांनी घोळक्यानं यावं, घोळक्यानं जावं, एवढं बजावलं. मग पोरांकडं वळून म्हणाले, "माझ्या खात्यात जागा निघाली तर तुमचीच नावं देईन."

जमुनाबाई बायांची रांग घेऊन आली होती. लेकही बरोबर होती. "सगळ्या गल्लीनं फोनवर अंगठे ठेवून पाहिलं," ती आचलला म्हणाली. "माहा अंगठा मोठा, मले तं सगळंच झाकलं. पण पोरीनं दाखवलं पाणी. शहाणी हायेस वं. आजीवर गेली."

आचलनं पाच खडे मांडले, हळद-कुंकू लावलं, दहीभात ठेवला. हात जोडताना काय म्हणायचं ते तिला आठवेना. आबाजी मागून म्हणाले, "काई म्हणू नको. तुही आजी बी काई म्हणत नव्हती. फक्त वावराकडं पाहे."

मग तिनं पहिलं बोंड वेचलं. मनोजभाऊही आले होते. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. त्यांनी दिवसभर पोती उचलली आणि व्हिडिओ एकही काढला नाही.

आठवडा संपता संपता पाऊस आला तेव्हा कापसाची शेवटची गाडी अंगणात शिरत होती. मधल्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत गेला होता. पत्र्यावर थेंब वाजत होते. आचलनं दिव्याखाली वही उघडली, 'आजचे युग' वर रेघ मारली आणि लिहिलं, 'आमच्या आबाजींच्या वावरात एक भिजलेला बिबट्या आला होता.' आता पेन थांबत नव्हतं.

आबाजी कापसाच्या ढिगाला पाठ टेकून बसले होते. त्यांनी मूठभर कापूस हातात घेतला आणि तो तसाच धरून ठेवला.

"आजी असती तर काय म्हणाली असती?" आचलनं विचारलं.

आबाजींनी विचार केला. किती दिवसांनी त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

"म्हटलं असतं, आयकलं, पाहून आली, झालं. आता भाकर खाय."