नाव न मिळालेलं वादळ

जयपूरच्या बनी पार्क भागातल्या कचोरीच्या दुकानासमोर, अंग भाजून काढणाऱ्या उन्हात, कुणीतरी फोनवर चक्क मराठीत सांगत होतं, "आई, छत्री ने गं." भार्गवीला हसू आवरेना. त्यानं वळून पाहिलं आणि तोही हसला... तिथेच ती फसली.

तो संकल्प, मूळचा अलिबागचा, इथे हवामान कार्यालयात नोकरीला. ती रेल्वेतल्या उमाकांत सावंतांची मुलगी. जन्म जयपूरचा, मराठी अडखळती. हळूहळू कचोरी नुसती निमित्ताला उरली. तो तिची मराठी सुधारायचा, ती मुद्दाम चुकायची.

मग अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि ती रोज एकच विचारू लागली — त्याचं चक्रीवादळ होईल का? तो खुशीत येऊन मोबाइलवर उपग्रहाची चित्रं दाखवायचा. तिची बट मध्ये आली की बोटानं अलगद बाजूला करायचा, आणि पुन्हा वाऱ्यांबद्दल बोलायचा. मुलीच्या मनातलं ओळखण्यात स्वारी अगदी ढ होती.

शेवटी तिनंच सांगून टाकलं. रविवारी रत्नागिरीहून मुलाकडचे सुपारी फोडायला येणार होते. मुलगा लगेच कॅनडाला परतणार. वादळ होऊन कोकणातल्या गाड्या थांबल्या, तर तिला बाबांशी वाद न घालता हे स्थळ टळणार होतं.

त्यानं मोबाइलवरचं ताजं चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं.

"नाही होणार वादळ," तो म्हणाला. "इकडची कोरडी हवा आत शिरतेय. विरून जाईल."

"मी समुद्राचं नाही विचारत आता. मतलब... तू येशील घरी? बाबांशी बोलायला?"

त्यानं मान खाली घातली. "आपलं अजून पक्कं कुठे काय आहे, भार्गवी? आम्ही वादळालासुद्धा पुरता जोर धरल्याशिवाय नाव देत नाही."

"बरं," ती म्हणाली. कचोरी तशीच टाकून ती निघाली.

रविवारी पाहुणे वेळेवर आले, आंब्याची पेटी घेऊन. बाबांनी प्रवासाची चौकशी केली. "वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती हो," होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "बातम्यांत उगाच घाबरवतात."

आत चहा गाळताना भार्गवीचा फोन थरथरला. संकल्पनं लिहिलं होतं, 'विरलं. अंदाज बरोबर निघाला. सॉरी.'

तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त रडू. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लूची गरम झळ आत येत होती. डोळे पुसायचीही गरज पडली नाही. ट्रे उचलून ती बाहेर गेली.